साठच्या पुढचं ॲव्हरेज

दसरा, पाडवा आणि कंपन्यांचा बोनस होतो तो आठवडा, या दिवसांत माझ्या गॅरेजवर दुरुस्तीपेक्षा चौकशीलाच जास्त माणसं येतात. "मेस्त्री, गाडी घ्यायचीय. रोजच्या वापराला, ॲव्हरेज देणारी. कुठली घेऊ?" शोरूमच्या आधी लोक माझ्याकडे येतात याचं मला मनापासून बरं वाटतं, आणि तेवढंच दडपणही येतं. गाडी विकणाऱ्याचा तिच्याशी संबंध कागद होईपर्यंत. माझा त्या गाडीशी आणि त्या घराशी पुढची दहा-बारा वर्षं. म्हणून मी लगेच नाव सांगत नाही, आधी विचारतो. रोज किती जाणं-येणं? रस्ता कुठला? मागे कोण बसतं? काय लादता? रात्रीचं यावं लागतं का? आणि सगळ्यात शेवटी, गाडी एक दिवस उभी राहिली तर तुमचे किती पैसे बुडतात? या प्रश्नावर माणूस थांबतो. ॲव्हरेजचा आकडा त्याला पाठ असतो. हा हिशेब त्याने कधी मांडलेला नसतो.

माझं गॅरेज भोरला आहे. इथल्या गाड्यांचं आयुष्य पुण्यातल्या गाड्यांसारखं नाही. एका अंगाला कापूरहोळचा हायवे आणि त्यावरच्या शिरवळ, खेड-शिवापूरच्या कंपन्या. दुसऱ्या अंगाला भाटघर धरणाच्या कडेकडेने वेळवंड खोऱ्यात शिरणारे रस्ते, नीरा-देवघरवरून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता, आणि वाईला जायचं तर मांढरदेवीचा घाट. पावसाळ्यात चार महिने पाणी आणि चिखल, उन्हाळ्यात लाल धूळ. आतल्या गावांना एसटी ठरल्या वेळेलाच. ती चुकली की चुकली. शिफ्टला जाणारा पोरगा, डेअरीला दूध घालणारा, उपकेंद्रावरची नर्सताई, वाडीवरच्या शाळेचे गुरुजी, या सगळ्यांच्या हातातोंडाची गाठ शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर पडते.

मी काम शिकलो तेव्हा गॅरेजमध्ये एम-एटी, लुना, राजदूत अशा टू-स्ट्रोक गाड्याच जास्त यायच्या. पुण्यात नाना पेठेच्या जवळ उमेदवारी केली. स्पेअर पार्टची दुकानं तेव्हाही तिथे ओळीने होती आणि पार्ट आणायला उस्ताद मलाच पिटाळायचे. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं, प्लग काळा पडायचा, सायलेन्सर काजळीने भरला की तो काढून जाळून साफ करायचा. ताकद होती, पण पेट्रोल भरपूर प्यायची. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली ती फोर-स्ट्रोक. 1994 मध्ये स्प्लेंडर आली, आणि त्यानंतर तालुक्याच्या गावांचा चेहरामोहराच बदलला.

त्या गाडीचं इंजिन मी इतक्या वेळा उघडलं आहे की डोळे मिटूनही नट सापडतील. सिलिंडर जवळजवळ आडवा निजलेला, हेड पुढच्या चाकाकडे तोंड करून. गाडी चालली की वारा थेट हेडवर येतो. होंडाने 1958 मध्ये जपानात काढलेल्या सुपर कबच्या घराण्यातलंच हे इंजिन. बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोक 49.5, क्षमता 97.2 सीसी. हीरो आणि होंडा 2010 च्या अखेरीस वेगळे झाले, 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, तरी आजच्या स्प्लेंडर आणि एचएफ डिलक्समध्ये 97.2 हा आकडा तसाच आहे. याचा अर्थ मेस्त्रीला कळतो. जी गोष्ट इतकी वर्षं बदललेली नाही, तिचे पार्ट शेवटच्या गावातल्या किराणा दुकानाशेजारच्या टपरीतही मिळतात.

लहान इंजिन कमी का पितं, हे मला पोरांना नेहमी समजावून सांगावं लागतं. सपाट रस्त्यावर एकटा माणूस पंचेचाळीस-पन्नासच्या वेगाने चालला असेल तर गाडीला दोन-अडीच हॉर्सपॉवरपेक्षा जास्त लागत नाही. शंभर सीसीचं इंजिन पूर्ण पिळलं तर आठ देतं. म्हणजे तेही निम्म्याहून कमीच राबतं. मोठ्या इंजिनाला तेवढंच काम थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवून करावं लागतं. अडवलेल्या वाटेतून हवा ओढण्यात आणि स्वतःचे जड भाग फिरवण्यात त्याचं पेट्रोल खर्ची पडतं. दोन माणसांच्या भातासाठी लग्नाचं पातेलं चुलीवर चढवलं तर सरपण जास्त लागणारच. त्यात वजनाची भर. म्हणून रोज एकट्याने सपाटीवर जायचं असेल तर शंभर सीसीच्या पुढे जायची गरज नाही, हे माझं ठाम मत आहे.

पण खरा घोळ पुढे होतो. शंभर सीसीची घ्यायची हे ठरलं की माणूस त्या चार-पाच गाड्यांमध्ये ॲव्हरेजवरून अडून बसतो. ही पासष्ट देते, ती सत्तर देते, शेजाऱ्याची पंचाहत्तर देते. मागच्या वर्षी बोनसच्या सुमारास वेळवंड खोऱ्यातले एक तात्या मुलाला घेऊन आले. भाताची शेती, मुलगा शिरवळच्या एका कंपनीत कंत्राटावर. मुलाला एकशेसाठ सीसीची हवी होती, तात्यांना सत्तर किलोमीटर देणारीच. दोघांचं घरीच बरंच वाजलं असावं, कारण माझ्यासमोर ते एकमेकांकडे न बघता बोलत होते.

"मामा, तुम्हीच सांगा यांना," मुलगा म्हणाला.

"तू सांगू नको त्याला काही. आधी हिशेब कर," तात्या म्हणाले.

कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि मांडायला बसलो. जाऊन-येऊन रोज पन्नास किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर 15,000 किलोमीटर. एकशेसाठवाली पंचेचाळीस देईल, म्हणजे 333 लिटर. शंभरवाली पासष्ट देईल, म्हणजे 231 लिटर. फरक शंभर लिटरच्या वर. पेट्रोल 104 रुपयांनी धरलं तरी वर्षाला साडेदहा हजार. मुलगा गप्प झाला. तात्या खुलले. मग मी दुसरं गणित मांडलं. पासष्टच्या जागी सत्तर देणारी घेतली तर 214 लिटर. म्हणजे सोळा-सतरा लिटरची बचत, वर्षाला सतराशे रुपये, महिन्याला दीडशेसुद्धा नाही. तात्यांनी पान स्वतःकडे ओढून घेतलं आणि पुन्हा भागाकार करून पाहिला.

हे गणित लोकांच्या लक्षात येत नाही, आणि यात त्यांचा काही दोष नाही. लिटरला किलोमीटर मोजायची आपली सवयच अशी आहे की वरचा प्रत्येक आकडा सारखाच मोलाचा वाटतो. तसं नसतं. त्याच 15,000 किलोमीटरला तीसवरून चाळीसवर गेलात तर सव्वाशे लिटर वाचतात. साठवरून सत्तरवर गेलात तर जेमतेम छत्तीस. वाढ दहा-दहाचीच, पण वाचलेलं पेट्रोल एक तृतीयांशही नाही. खिळखिळी झालेली, तीस देणारी जुनी गाडी ज्याच्या दारात आहे त्याने ॲव्हरेजचा विचार जरूर करावा. नव्या शंभर सीसीच्या गाड्यांमध्ये निवड करणाऱ्याने मात्र साठच्या पुढच्या आकड्याकडे बघणं सोडून द्यावं आणि बाकीच्या गोष्टी बघाव्यात.

बाकीच्या गोष्टींत पहिली म्हणजे खाडा. त्या पोराची गाडी सकाळी सहाला बंद पडली तर पहिली शिफ्ट गेली. दिवसाची मजुरी गेली, महिन्याचा हजेरी बोनस गेला, कंत्राटी माणूस असेल तर सुपरवायझरच्या वहीत नाव गेलं. वर्षातून असे दोन-तीन खाडे झाले की सत्तर देणाऱ्या गाडीने वाचवलेले सतराशे रुपये कुठल्या कुठे जातात. म्हणून मी विचारतो, तुमच्या गावात ही गाडी किती जणांकडे आहे? क्लचची केबल तुटली तर ती कुठे मिळेल? चेनसेट भोरमध्ये दुकानात असतो की पुण्याहून मागवावा लागतो? एखादं नवं मॉडेल कागदावर कितीही चांगलं असो, त्याचा पार्ट यायला आठ दिवस लागणार असतील तर रोजगारावर जाणाऱ्या माणसाला मी ते सुचवत नाही. ते घ्यायचं तर घरात दुसरी गाडी असणाऱ्याने घ्यावं.

लोक ज्या आकड्याच्या मागे असतात तो येतो कुठून, हेही सांगायला हवं. पुण्यात कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, 1966 पासूनची. गाड्यांची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी ती एक. तिथे गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करत चालवतात. ती चाचणी चोख असते. त्यामुळे एका गाडीची दुसरीशी तुलना करता येते. पण त्या रोलरवर खड्डे नसतात, समोरून वारा नसतो, मागे सासूबाई आणि पिशव्या नसतात. रस्त्यावर तो आकडा मिळाला नाही म्हणून गाडीत दोष आहे असं समजून लोक येतात. त्यांना मी आधी गाडी मेन स्टँडला लावायला सांगतो.

मग मागचं चाक हाताने फिरवतो. एवढ्या एका गोष्टीत बरंच कळतं. ब्रेक योग्य असेल तर चाक दोन-तीन फेरे मोकळं फिरून थांबतं. अर्ध्या फेऱ्यात अडलं की समजायचं, ब्रेक शू घासतोय आणि गाडी दिवसभर स्वतःलाच मागे ओढतेय. फिरवताना चेनकडे बघायचं. ती एका ठिकाणी ताणते आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबते का? तसं असेल तर ती एकसारखी झिजलेली नाही. कितीही ऑइल सोडलं तरी उपयोग नाही, सेट बदलायचा. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर दोन-अडीच सेंटिमीटर हलावी. नंतर हवा. हवा किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, एकट्यासाठी वेगळं आणि डबलसीटसाठी वेगळं, पण तो स्टिकर मालकाने वाचलेला मी क्वचितच पाहिला आहे. नंतर प्लग. टोक तपकिरी असेल तर इंजिन नीट जळतंय. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर धुळीने कोंदलाय. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये फिल्टर काढला की त्यातून लाल माती झडते. एवढं करून दिलं आणि पुढच्या वेळी माणूस आला की म्हणतो, "मेस्त्री, इंजिनमध्ये काय केलंत? सात-आठने वाढलं." इंजिनला मी हातसुद्धा लावलेला नसतो.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांना आम्ही बाटली लावून ॲव्हरेज बघायचो. पेट्रोलची नळी काढून तिथे शंभर मिलीची खुणेची बाटली जोडायची, हँडलला बांधायची, आणि मालकालाच म्हणायचं की तुमच्या रोजच्या हाताने चालवा. गाडी बंद पडली की मीटर बघायचा. सहा किलोमीटर दोनशे मीटर गेली तर बासष्ट. मालकाला चालवायला लावण्यामागे कारण होतं. तीच गाडी, तीच बाटली, मी चालवली की आकडा वर जायचा. हायवेला पन्नासच्या जागी सत्तर धरलं की वाऱ्याचा अडसर जवळपास दुप्पट होतो, हे त्याला नुसतं सांगून पटत नाही. बाटली रिकामी होताना बघितली की पटतं. आता इंजेक्शनच्या गाड्यांना ही बाटली लावता येत नाही. त्यांच्यासाठी टाकी गळ्यापर्यंत भरायची, दोन-तीनशे किलोमीटर रोजच्यासारखी चालवायची, त्याच पंपावर, गाडी तशीच उभी करून पुन्हा तेवढीच भरायची आणि भागाकार करायचा. गाडीच्या डिस्प्लेवर येणाऱ्या आकड्यापेक्षा हा खरा.

इंजेक्शनला आमच्या भागातली वडीलधारी माणसं अजून बिचकतात. "ती कॉम्प्युटरची गाडी, रानात बंद पडली तर काय करू?" ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. जुन्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरली तरी किक मारून ती चालू व्हायची. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल ढकलायला पंप असतो आणि त्याला वीज लागते. बॅटरी अगदीच मेली की बऱ्याचदा किक मारूनही भागत नाही. पण दुसरी बाजूही आहे. थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकून पहाटे गाडी रुसत नाही, आणि घाटात वर चढलो तरी पेट्रोल-हवेचं प्रमाण गाडी स्वतः सांभाळते. बॅटरी तीन-चार वर्षांनी, ती मरायच्या आधी बदलायची आणि टाकीत कायम लिटर-दीड लिटर ठेवायचं, कारण बहुतेक गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि रिझर्व्हवर पळवली की तळाचा गाळ तो ओढतो. एवढं पाळलं तर इंजेक्शनची गाडी जास्त भरवशाची, असं मी आता न कचरता सांगतो.

दूधवाल्यांचा विषय वेगळा आहे आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. चाळीस लिटरच्या दोन किटल्या म्हणजे ऐंशी किलो दूध, वर किटल्यांचं वजन, वर माणूस. कुठल्याही कंपनीने शंभर सीसीची गाडी यासाठी बनवलेली नाही, पण पहाटे साडेचारला डोंगरातल्या वाड्यांवरून दूध याच गाड्यांवर खाली येतं. आधी हे काम एम-एटी करायची. आता कुणी टीव्हीएसची एक्सएल 100 घेतो, कुणी साधी शंभर सीसीची. त्यांना मी तारांचं चाक घ्यायला सांगतो. दगडावर आपटून ॲलॉय व्हीलला एकदा तडा गेला किंवा ते वाकलं की ते गेलं. तारांच्या चाकातल्या दोन तारा तुटल्या तर दोन तारा बदलायच्या आणि आउट काढून द्यायचा, तासाभराचं काम. याच्या उलट, रात्री बाराला सेकंड शिफ्टवरून एकटं घरी येणाऱ्याला मी ॲलॉय आणि ट्यूबलेस टायरच घे म्हणतो. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, माणूस घरी पोचतो. ट्यूबच्या टायरने त्याला अंधारात, बिबट्याच्या वाटेवर गाडी ढकलायला लावलं असतं. दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

आता घाट. पेट्रोल वाचवण्याच्या नादात आमच्याकडची माणसं एक गोष्ट करतात, ती बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. मांढरदेवीवरून किंवा वरंध्याच्या बाजूने उतरताना इंजिन बंद करतात, न्यूट्रलमध्ये टाकतात आणि गाडी सोडून देतात. ड्रम ब्रेकवर सगळा भार येतो, लायनर तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरत नाही. किल्ली फिरवताना घाईत हँडल लॉक झालं तर बोलायलाच नको. अशी आपटलेली गाडी टेम्पोतून माझ्याकडे येते तेव्हा मी आधी गाडीकडे बघत नाही, आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. आणि वाचतं काय? जुन्या गाडीत चार-दोन रुपयांचं पेट्रोल. इंजेक्शनच्या गाडीत तर थ्रॉटल सोडून गिअरमध्ये उतरताना पेट्रोल फारच थोडं, जवळजवळ नाहीच जात. इंजिनच गाडीला आवरून धरतं. चढताना जो गिअर लागला तोच उतरताना ठेवा, हे मी बिलाच्या मागे लिहून देतो. 2019 च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला, एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो. जुनी गाडी विकून नवी घ्या असा आग्रह मी सहसा करत नाही. रोज घाट उतरणाऱ्याला मात्र या एका कारणासाठी करतो.

घाटाबद्दलच आणखी एक. रोज डबलसीट घाट चढायचा असेल तर शंभर सीसी घेऊ नये. ती चढते, पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पिळवटून. मग ती सव्वाशेवाल्या गाडीइतकंच पेट्रोल खाते आणि क्लच प्लेट लवकर जातात. सव्वाशेला दहा-अकरा हॉर्सपॉवर मिळते, ती तिथे खरोखर कामी येते. विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्यात 75 ते 150 सीसी हा एकच गट आहे, त्यामुळे तिथेही भुर्दंड नाही. तात्यांच्या मुलाने शेवटी सव्वाशेच घेतली. आठवड्याला आईला मागे बसवून मांढरदेवीला न्यायचं असतं, हे त्याने हिशेब झाल्यावर सांगितलं. तात्यांनीही ते मान्य केलं; आईला घाटात उतरून चालावं लागू नये हे त्यांना साठ-सत्तरच्या वादापेक्षा लवकर पटलं.

उपकेंद्रावरची एक नर्सताई आली होती. तिला सगळ्यांनी स्कूटी सुचवली होती. लसीकरणाच्या दिवशी खांद्याला लसीची पेटी अडकवून वाड्यावाड्यांवर जायचं. स्कूटीला पायाशी सपाट जागा मिळते हे खरं. पण बऱ्याच स्कूटींचं मागचं चाक दहा इंचाचं. धरणाच्या कडेच्या त्या रस्त्यावर खड्ड्यात ते अख्खं उतरतं. बेल्टवर चालत असल्याने पेट्रोलही जास्त. "दादा, मला मोटारसायकल झेपेल का?" एवढाच तिचा प्रश्न होता. मी तिला गाड्यांवर बसवून बघायला सांगितलं, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. स्प्लेंडरची सीट 785 मिलिमीटरवर, होंडा शाइन 100 ची 786, उंची सारखीच. पण स्प्लेंडरचं वजन 112 किलो आणि शाइन 100 चं 99. चिखलात गाडी तिरपी झाली तर ते तेरा किलो हाताला कळतात. तिने हलकी घेतली, सतरा इंची चाकांची. पेटी बसेल असा कॅरिअर मी मागे वेल्डिंग करून दिला. शिकायला तिला फार दिवस लागले नाहीत. आता तिच्या उपकेंद्राकडच्या दोन आशाताईंनीही माझ्याकडे चौकशी केली आहे.

पावसाळ्याबद्दल थोडं सांगतो, कारण आमच्या भागात ते टाळता येत नाही. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. आपल्या उसापासूनही ते बनतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, त्याबद्दल मी तक्रार करत नाही. पण ते पाणी ओढून घेतं. टाकीच्या झाकणातून पाणी शिरलं की ते इथेनॉलला धरून तळाशी बसतं आणि गाडी तेच पाणी आधी ओढते. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्या बंद गाड्यांत याच कारणाच्या बऱ्याच असतात. झाकणाचं रबर दरवर्षी मेअखेर बदलायचं आणि गाडी आठ-दहा दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवायची.

नव्या गाड्यांचंही लोक विचारतात. 2024 च्या जुलैमध्ये बजाजने पुण्यात सीएनजीवर चालणारी फ्रीडम 125 आणली. दोन किलो सीएनजी आणि दोन लिटर पेट्रोल. रोजच्या वाटेवर सीएनजीचा पंप असेल आणि रांगेत घालवायला वेळ असेल तर विचार करावा, नसेल तर नाही. बॅटरीच्या गाडीचंही तसंच: घरी रात्री वीज टिकते का, याचं उत्तर आधी द्या. सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळे साध्या पेट्रोल गाडीच्या किमतीतच मोठा दिलासा मिळाला आहे.

खाड्याच्या विचारातूनच मी गॅरेजमध्ये एक जुनी सीडी डॉन ठेवली आहे. कागद, विमा, पीयूसी सगळं जागच्या जागी. सकाळी कुणाची गाडी इंजिनकामाला उतरवावी लागली आणि त्याची शिफ्ट असली की तो ही घेऊन जातो. भाडं नाही, पेट्रोल ज्याचं त्याने टाकायचं आणि हेल्मेट घालूनच न्यायची. कधी कधी एकाच सकाळी दोघांना लागते आणि एकाला नाही म्हणावं लागतं, ते मला सोसत नाही. म्हणून दुसरी घ्यायचं चाललं आहे. कापूरहोळच्या एका ओळखीच्या माणसाची बीएस-6 एचएफ डिलक्स बघून ठेवली आहे. धूर स्वच्छ आहे, टाकीत पाणी नाही, मागचं चाक मोकळं फिरतं. आरसीवर बँकेचा बोजा आहे तेवढा उतरल्याची एनओसी आली की घेऊन येतो.